आमच्या बिल्डिंगचा वाहतूक नियंत्रक

आमच्या बिल्डिंगच्या व्यवस्थापकावर माझा राग आहे. तो आता लातुरात नाही, उदगीरला गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. मधल्या काळात मी भावकीतली भांडणं मिटवली, मला भिजलेला माल दिलेल्या व्यापाऱ्याच्या पोराच्या लग्नात पोटभर जेवून आलो, पण हा राग काही उतरला नाही. एखाद्यानं फसवलं तर माणूस त्याला शिव्या देऊन मोकळा होतो. यानं मला फसवलं नाही. अडचण तीच आहे.

माझा धंदा बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत फाटकी पोती शिवण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःच्या गोदामापर्यंत आलो. हे सगळं भाव करून कमावलं. समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी ऐकतच नाही, दुसऱ्यावर हसतो, तिसऱ्याला उठून चालायला लागतो. फ्लॅट घेताना बिल्डरला मी असाच दिवसभर घासला. शेवटी त्यानं कपाळाला हात लावला, चहा मागवला आणि म्हणाला, "मालक, तुम्ही म्हणाल तसं. फक्त एवढ्या कागदांवर सह्या करा." त्या कागदांत एक कलम होतं. बिल्डिंगची देखभाल बिल्डरनं नेमलेली कंपनी करील. लिफ्ट, पंप आणि गच्ची तिच्या ताब्यात राहील. मी भावात जिंकलो होतो, बाकी सगळ्यात हरलो होतो, हे राहायला गेल्यावर कळलं.

कंपनीचं ऑफिस पुण्यात. फोन लावला की एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगायची आणि मग बासरी वाजायची. बासरी ऐकून आपला कान दुखायला लागला की आपणच फोन ठेवायचा. आमच्या दृष्टीनं कंपनी म्हणजे फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसणारा हा एक माणूस.

तो एसटीतून रिटायर झालेला. कंडक्टर म्हणून लागला, पुढं वाहतूक नियंत्रक झाला. कधी हदगाव, कधी मुखेड, अशा स्टँडांवर त्याचं आयुष्य गेलं. अंगानं बारीक, खाकी सफारी, केसांना खोबरेल, आणि हातात कायम तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. आपण बोलत असताना तो चिमटा नुसताच वाजवायचा. टिकटिक, टिकटिक. आपलं बोलणं कुठवर पोहोचलं त्यावर त्याची गती बदलायची. तक्रारीचा कागद दिला की त्याला कोपऱ्यात एक भोक पाडून परत द्यायचा.

"हे काय केलं?"

"तक्रार घेतली."

"मग कागद परत कशाला देताय?"

"तिकीट प्रवाशाजवळच ऱ्हातंय."

आम्हाला तो सरळ प्रवासी म्हणायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं केबिनवर भोंगा बसवला. सकाळी सहाला सगळी बिल्डिंग दचकून उठली. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. नळाचं पाणी थोड्याच वेळात सुटेल. प्रवाशांनी आपापल्या बादल्या सांभाळाव्यात." पार्किंगच्या जागांना त्यानं फलाट क्रमांक दिले. माझी गाडी दुसऱ्याच्या जागेवर लागली तर माझं नाव न घेता, पण साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं तो पुकारायचा, "बारदान्याची गाडी फलाट चुकलेली आहे." प्रत्यक्ष बोलताना मात्र तो आमच्यासारखंच बोलायचा. भोंग्यासमोर गेला की जिभेला इस्त्री व्हायची.

लिफ्टचा त्रास सगळ्यांत मोठा. लिफ्ट त्याच्या हिशेबानं जलद गाडी होती आणि पहिला मजला हा विनंती थांबा. म्हणजे ती तिथं थांबायची नाही. पहिल्या मजल्यावर एक रिटायर्ड तलाठी राहायचे, गुडघे गेलेले. ते दुसऱ्यावर उतरून एक जिना खाली यायचे. दुष्काळाच्या वर्षी लाइट जायला लागली, तसा त्यानं जनरेटरचं डिझेल वाचवायला लिफ्टचं टाइमटेबल लावलं. मी घाईनं आत शिरलो की हा दारात हात आडवा घालून उभा.

"अजून टाइम झाला न्हाई."

"अरे, मी एकटाच हाय आत!"

"म्हणून काय झालं? काळी-पिवळी जीप हाय का ही, माणूस बसला की सोडायला?"

काळी-पिवळी जीपवाल्यांवर त्याचा भयंकर राग. त्यांनी एसटीचे प्रवासी पळवले, हे दुःख तो आमच्या लिफ्टवर काढायचा.

भिंतीला ओल आली, पंपाचा आवाज येतो, जिन्यात दिवा नाही, काहीही सांगितलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "उदगीर जिल्हा होऊ द्या." तेव्हा उदगीर जिल्हा होणार अशी आवई दर दोन महिन्यांनी उठायची. आमच्या मार्केटातले निम्मे लोक तिकडं प्लॉट घेऊन बसले होते. त्याचं म्हणणं असं की जिल्हा झाला की तिकडं बिल्डिंगी उठतील, मग कंपनी इकडं शाखा काढील, शाखा आली की इंजिनियर येईल, आणि इंजिनियर आला की तो तुमची ओल बघेल. मी एकदा म्हणालो, "म्हणजे माझ्या न्हाणीची भिंत मंत्रिमंडळात जाणार म्हणा की." तो शांतपणे म्हणाला, "वेळ लागतंय."

गच्चीची किल्ली हा आमच्या सगळ्यांच्या जिव्हारी लागलेला विषय होता. मालक आम्ही, पैसे आमचे, आणि पापड वाळवायला गच्चीवर जायचं तर त्याच्याकडं अर्ज. माझी बायको एकदा पापडाची परात घेऊन केबिनसमोर उभी राहिली. त्यानं परातीकडं पाहिलं आणि विचारलं, "परतीचं कधी?"

तर तो दुष्काळ. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेच वर्ष. नळ कधी येईल ते देवाला ठाऊक. बिल्डिंग टँकरवर जगत होती. टँकर आला की आधी घरटी दोन घागरी पिण्याचं पाणी रांगेत मिळायचं, उरलेलं खालच्या हौदात, तिथून पंपानं गच्चीच्या टाकीत, आणि टाकीतून एकेका मजल्याचा व्हॉल्व्ह उघडून घरात. व्हॉल्व्ह गच्चीवर, गच्चीची किल्ली त्याच्या खिशात. तो आधी पहिला मजला सोडायचा, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याची पाळी येईपर्यंत टाकीत बुडबुडे. आणि मी चौथ्यावर.

एरवी मी तेही सोसलं असतं. पण त्याच वेळी माझ्या लेकीचं, शिवलीलेचं, पहिलं बाळंतपण आलं. ती नांदेडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणाला सांगायला लागतं? पण विहीणबाईंचा फोन आला.

"इवाई, लेकीला तिकडं धाडायचं म्हणता, पण तिला पाणी कुठलं देणार? बाळंतिणीला रोज शेक-आंघोळ लागते, बाळाचे कपडे असतात. ऱ्हाऊ द्या इथंच. आमच्याकडं गोदावरी हाय."

विहीणबाई म्हणजे कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे आणि आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. मी म्हणालो, "पाण्याची काय काळजी करताय? आमच्याकडं मॅनेजमेंट कंपनी हाय."

"मग रविवारी तिला घेऊन मीच येते. नळ सोडून बघते. पाणी आलं तर ठेवीन, न्हाई तर त्याच गाडीनं माघारी नेते."

फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "काय करणार?" ज्या माणसानं फाटक्या पोत्यांतून घर उभं केलं, त्याची लेक पाण्यावाचून दारातून माघारी जाणार. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. सांगितलं असतं तर विहीणबाईंचा टोमणा मीच साऱ्या बिल्डिंगला वाटल्यासारखं झालं असतं. म्हणून मी कारण न सांगता सौदा करायला गेलो.

"कंट्रोलरसाहेब, या रविवारी पाणी चौथ्यापासून सोडा."

"थांबे क्रमानं घ्यावे लागतात."

"जाताना क्रमानं घ्या की. येताना गाडी उलटी येत न्हाई का? तशी एक फेरी परतीची धरा."

चिमटा थांबला. वाटलं, जमलं. मग तो म्हणाला, "परतीच्या गाडीत पाणी कुठं असतंय?"

मी दुसऱ्या दिवशी ज्वारीचं लहान पोतं नेऊन त्याच्या केबिनमध्ये ठेवलं आणि काही न बोलता आलो. जुन्या लोकांची हीच रीत. तासाभरात भोंगा वाजला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. चौथ्या मजल्यावरील एक प्रवासी आपली ज्वारी नियंत्रण कक्षात विसरून गेले आहेत. तरी ओळख पटवून घेऊन जावी." पोत्यावर माझ्याच दुकानाचा शिक्का होता. ओळख अख्ख्या बिल्डिंगला पटलेली होती. पोतं खांद्यावर घेऊन मी लिफ्टशी आलो, तर हा दार धरून उभा. "लगेज हाय. जिन्यानं."

चार मजले चढताना मी ठरवलं, कंपनीच काढायची.

आमच्यातले कोचिंग क्लासचे एक सर, फिजिक्स शिकवणारे, कायद्याचे कागद वाचू शकत. त्यांनी तेच कलम शोधून काढलं. निम्म्याहून जास्त मालक हजर असलेल्या सभेनं ठरवलं तर कंपनी बदलता येते. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा लावली. विहीणबाई दुपारी येणार होत्या. सकाळी ठराव, लगेच गच्चीची किल्ली ताब्यात, दुपारी चौथ्याचा व्हॉल्व्ह, असा माझा बेत. रविवारपर्यंत मी दारोदार फिरलो. तलाठ्यांना म्हणालो, लिफ्ट पहिल्यावर थांबेल. बायकांना म्हणालो, पापड कधीही वाळवा. सरांना म्हणालो, तुम्हीच अध्यक्ष. असा सौदा मी मार्केटातसुद्धा कधी बांधला नव्हता.

रविवार उजाडला. खुर्च्या मांडल्या. लोक आले, आणि नेमका तेव्हाच फाटकातून टँकरचा हॉर्न वाजला. पुढं जे झालं ते फक्त आपल्याच लोकांना सुचू शकतं. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून ज्यांनी जन्मभर जागा धरल्या, त्या लोकांनी खुर्चीवर रुमाल टाकले आणि रांगेकडं पळाले. कुणी टोपी ठेवली, कुणी पिशवी. तिकडं रांगेत घागरी लावल्या आणि दोन्हीकडच्या जागा पक्क्या झाल्यावर माणसं निवांत समोरच्या टपरीवर चहाला गेली. सभेत मी, सर, तलाठी आणि मागच्या खुर्चीवर चिमटा वाजवत कंट्रोलर. बाकी सगळे रुमाल.

"गणपूर्तीचं काय?" सरांनी विचारलं.

"रुमाल हाय म्हणजे माणूस हाय," मी म्हणालो. "चालू करा. दुपारच्या आत उरकायचंय."

सर घसा खाकरून उभे राहतात तोवर फाटकाशी जीप लागली. नांदेडची गाडी. दुपारी येतो म्हणालेल्या विहीणबाई सकाळीच आल्या होत्या. पाठोपाठ शिवलीला, एक हात कमरेवर, एक दारावर, सावकाश उतरत होती. समोर टँकर, टँकरभोवती घागरींचा वेढा. विहीणबाईंनी तो देखावा डोळे भरून पाहिला. "हे तुमचं पाणी का, इवाई?" म्हणून त्यांनी ड्रायव्हरला हातानं खूण केली, थांब म्हणून.

मी उठलो, आणि उठताना हातानं आपोआप खुर्चीवर रुमाल टाकला.

तेवढ्यात भोंगा कडाडला. कंट्रोलर कधी उठून केबिनमध्ये गेला ते कळलंच नाही.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. नांदेडहून आलेली गाडी फाटकावर लागलेली आहे. गाडीत गरोदर महिला प्रवासी आहेत. रांगेतील घागरी बाजूला घेऊन वाट द्यावी. चौथ्या मजल्यासाठी जादा लिफ्ट सोडण्यात येत आहे. आजचं पहिलं पाणी चौथ्या मजल्यास राखीव आहे. कुणीही हुज्जत घालू नये."

टपरीवरून लोक धावत आले. कुणी हुज्जत घातली नाही. उलट घागरी सरकल्या, बायकांनी शिवलीलेचा हात धरला. जी लिफ्ट माझ्यासाठी कधी एक मिनिटही आधी सुटली नव्हती, ती दार उघडं टाकून उभी होती. ती पहिल्या मजल्यावरसुद्धा थांबली, दम खायला. आम्ही सावकाश वर पोहोचलो तोवर टँकरची नळी हौदात पडलेली, पंप सुरू झालेला आणि कंट्रोलर किल्ली घेऊन गच्चीवर गेलेला. विहीणबाई चप्पल न काढता न्हाणीत शिरल्या आणि त्यांनी नळ सोडला. आधी फुस्स झालं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मग पाणी आलं, असं जोरात, की विहीणबाईंचा पदर भिजला.

जिन्यातून खाली येणाऱ्या कंट्रोलरला मी गाठलं. "द्यायचंच होतं तर मी मागत होतो तेव्हा का दिलं न्हाई?"

"तुम्ही चौथ्यासाठी मागत होता. बाईसाठी कुठं मागितलं? तिचं राखीवच असतंय. नुसतं सांगायचं."

हाच तो राग. जे नुसतं सांगून मिळत होतं, त्यासाठी मी हुशारी खर्च केली, ज्वारी नेली, चार मजले चढलो, बिल्डिंग फोडली. धंद्यात तोटा मी पचवलाय. पण फुकट मिळणाऱ्या मालाचा भाव करत बसल्याची लाज कशी पचवायची?

आणि दिवस अजून संपला नव्हता. विहीणबाई खूश होऊन म्हणाल्या, "इवाई, लई शिस्तीचा माणूस हाय. कुणी ठेवला?"

तोंडातून निघून गेलं, "मीच."

"मग खाली सभा कसली चाललीय? चला, बघू तरी."

त्या खाली येऊन पहिल्या रांगेत, नेमक्या माझ्या रुमालावर बसल्या. काही लोक रांगेतून परतले होते, काहींच्या खुर्च्यांवर अजून रुमालच. सर म्हणाले, "ठराव तुमचा आहे. मांडा."

मी उभा राहिलो. समोर भस्माचे पट्टे. मागं टिकटिक. मी भोकं पडलेली पोती हवेशीर म्हणून विकलेली आहेत, पण असा अवघड माल कधी विकायला आला नव्हता. विहीणबाई शेजारच्या तलाठ्यांना मोठ्यानं सांगत होत्या, "हा माणूस आमच्या इवायांनी ठेवलेला हाय बरं का."

तलाठी माझ्याकडं बघतच राहिले. अख्खी सभा बघत राहिली.

"या कंपनीची मुदत," मी म्हणालो, "आणखी एक वर्षानं वाढवावी, असा ठराव मी मांडतो."

सरांनी हातातला कागद पुन्हा वाचला. मग खांदे उडवले. आताच शिवलीलेला वाट देऊन आलेल्या बायकांनी हात वर केले, नवऱ्यांनी बायकांकडं बघून केले. तलाठ्यांचा हात सगळ्यांत उशिरा आणि गुडघ्याइतकाच वर आला. ठराव मंजूर होणार, एवढ्यात कंट्रोलर उठला. खुर्च्यांमधून फिरत, चिमट्याच्या टोकानं एकेक रुमाल उचलून बघू लागला.

"सभा रद्द," तो म्हणाला.

"का?"

"माणसं निम्म्याहून कमी हायत. रुमालाला जागा मिळत न्हाई. नोकरीत असल्यापासून हेच सांगत आलोय, कुणी ऐकत न्हाई."

"अरे बाबा," मी ओरडलो, "तुझ्याच फायद्याचा ठराव हाय! माझी जीभ झिजली तो मांडताना!"

"तरी रद्द."

म्हणजे मी भर सभेत वाकलो, आणि या माणसानं ते वाकणंसुद्धा माल पसंत नाही म्हणून परत केलं. विहीणबाईंनी मात्र टाळी वाजवली. त्या उठल्या, मला बाजूला घेतलं आणि प्रथमच आवाज खाली आणून म्हणाल्या, "इवाई, नांदेडात आमच्या बिल्डिंगीत नुसता धिंगाणा हाय. हा माणूस आम्हाला द्या. काय घ्याल?"

सकाळपासून ज्याला फुकट घालवायला मी माणसं गोळा करत होतो, त्याला गिऱ्हाईक चालून आलं होतं. मी वर पाहिलं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत शिवलीला ओले केस पुसत उभी होती, आणि खाली पाहून हसत होती.

"बाळंतपण होईस्तोवर न्हाई," मी म्हणालो. "मग बोलू. पण आधीच सांगून ठेवतो, स्वस्तात पडायचा न्हाई."